सोमवारचं पाणी

मंगळवारी सकाळी तळं पुन्हा काळपट झालं होतं.

जनेल कोवारिक गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून काठावर उभी राहिली आणि बघतच राहिली. शनिवारपर्यंत ह्याच पाण्यानं हिरवा रंग धरला होता. रविवारी चर्चहून येताना तिनं गाडीतून ते पाहिलं होतं आणि नवऱ्याला, लॉरेनला, कोपरानं ढोसून दाखवलंही होतं. आणि आज हे. उकळून उकळून करपलेल्या कॉफीचा रंग, वर साबणासारखा फेस, आणि वास तर विचारू नका. तळं आपलं म्हणायला. खरं तर तो वीतभर खोलीचा, लंबगोल वळणाचा पाट होता, आणि त्यात पाणी सतत फिरतं राहावं म्हणून पात्यांचं एक चाक बसवलेलं होतं. शेवाळ मेलं तरी चाकाला त्याचं काय. ते फिरत होतं.

तिनं लांब दांड्याच्या पळीनं पाणी काढलं, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतलं, झाकण लावलं आणि मांसाच्या पुड्यांना लावायच्या चिकटपट्टीवर लिहिलं: मंगळवार, सात ऑक्टोबर.

लीपा गावातला कोवारिकांचा खाटीकखाना तीन पिढ्यांचा. दर सोमवारी सहा-आठ डुकरं, हंगामात एखाद-दुसरा बैल, आणि नोव्हेंबरात शिकाऱ्यांची हरणं लागली की दारात गाड्यांची रांग. धुण्याचं पाणी आजवर मागच्या डबक्यात साठायचं आणि बर्फ वितळलं की शेतात सोडलं जायचं. कुणाची काही तक्रार नव्हती. मग गेल्या वर्षी शेजारच्या व्हर्जिल सेडलाकनं आपल्या विहिरीचं पाणी तपासून घेतलं आणि आकडे वाईट निघाले. त्यानंतर राज्याच्या पाणी खात्याचं पत्र आलं. शेतात सोडणं बंद. पाणी इथंच स्वच्छ करा. तीस ऑक्टोबरला नमुना घेऊ, अमोनियाचा आकडा दहाच्या वर निघाला तर जनावर मारणं बंद. जनावर मारणं बंद म्हणजे सगळंच बंद. दुसरीकडून मांस आणून विकायचं तर त्यासाठी कोवारिकांकडे कोण कशाला येईल?

विद्यापीठाची कॉरिन आल्डस नावाची बाई मे महिन्यात आली ती ह्याच निमित्तानं. तिला आपली विद्या लहान खाटीकखान्यावर लावून बघायची होती. तिनं हे तळं खणवलं, चाक बसवलं आणि पिंपभर हिरवं पाणी आणून त्यात ओतलं. डोळ्यांना दिसणार नाही एवढं बारीक शेवाळ, ती म्हणाली. तुमच्या पाण्यातली जी घाण, तेच ह्याचं जेवण. ऊन मिळालं की खातं आणि वाढतं.

"माझ्या बापाची, माझी आणि पोराची घाण," म्हातारा एमिल म्हणाला होता. "बरंच जेवण आहे. खाऊ दे."

एमिल म्हणजे जनेलचा सासरा, वय एकाहत्तर. जुलैत त्याच्या गुडघ्यांत सुया टोचायच्या म्हणून पंधरा दिवस खाटीकखाना बंद होता. त्या पंधरवड्यात तळं असं हिरवंगार झालं की व्हर्जिल कुंपणापलीकडून ओरडला होता, गाई सोडू का चरायला? ऑगस्टमध्ये काम सुरू झालं आणि पाणी सावरेल तेवढ्यात पुन्हा पुन्हा बिघडत गेलं. उन्हाळ्याला दोष देऊन झाला, चाकाला देऊन झाला. आता ऑक्टोबर आला, उन्हाळा सरला, आणि दोष द्यायला काही उरलं नाही.

दुपारी कॉरिन आली. तिनं नळीत पाणी घेतलं, त्यात थेंब टाकले, रंगाच्या कागदाशी धरून पाहिलं आणि ओठ चावला.

"चाळीसच्या पुढे."

"शनिवारी बारा होतं," जनेल म्हणाली. "तुम्हीच फोनवर म्हणालात, आणखी एक आठवडा."

"म्हणाले होते." कॉरिननं पिशवीतून जुना तक्ता काढला. मे महिन्यात भरून घेतलेला, जनेलच्याच अक्षरातला. "पुन्हा एकदा विचारते, राग मानू नका. साबण?"

"तुम्ही सांगितलेलाच."

"चरबी?"

"जाळीत अडकते. लॉरेन रोज काढतो."

"रक्त?"

"रक्त धरतो आम्ही," लॉरेन म्हणाला. तो दारातच हात पुसत उभा होता. "माझ्या आजीच्या काळापासून धरतो. रक्त मोरीत सोडणारे खाटीक वेगळे. थोडं सॉसेजला, बाकीचं पिंपात, पिंप भुशाच्या ढिगात, खत व्हायला. ते सगळं पप्पा बघतात."

"म्हणजे लिहिलंय ते बरोबर."

"तसंच लिहायला सांगितलं होतं मी हिला."

कॉरिननं तक्ता घडी करून ठेवला. तिचा चेहरा पडला होता. ती म्हणाली, शेवाळाला पुरतं सावरायला दोन आठवडे तरी लागतात, दिवस लहान होत चाललेत, गार पडायला लागलंय. सोमवारी तुमच्याकडून काहीतरी येतं आणि तेच त्याला मारतं. ते काय आहे हे सोमवारच्या आत कळलं तर बरं. नाही कळलं तर तीस तारखेला मी येऊन काही उपयोग नाही.

ती गेल्यावर लॉरेन म्हणाला, "शिकलेली माणसं. खेळ त्यांचा आणि मरण आपलं."

"तिच्यावर कशाला चिडतोस? तिनं काय केलं?"

"मग कुणावर चिडू? शेवाळावर?"

तो आत गेला आणि पुढचे दोन तास हाडं कापायच्या करवतीचा आवाज येत राहिला.

जनेलचं काम पुढच्या खोलीत. फोन, गिऱ्हाईक आणि पुड्या बांधणं. एकोणीस वर्षं ती मेणकागदात मांस गुंडाळत होती. आता उजव्या हाताचा अंगठा सकाळी वळत नसे. मागच्या खोलीत, जिथं एमिल जनावर मारायचा, तिथं ती पाऊल टाकत नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सासूनं, लिबीनं, तिला रक्त ढवळायला बसवलं होतं. डुकराच्या गळ्यातून पडणारं रक्त परातीत धरायचं आणि ते गोठू नये म्हणून उघड्या हातानं ढवळत राहायचं. जनेल ओमाहा शहरातली, दंतवैद्याची मुलगी. तिनं हात घातला, ते ऊन रक्त मनगटापर्यंत चढलं आणि ती तिथंच आडवी झाली. लिबीनंच तिचं कपाळ पुसलं. पण नाताळात साऱ्या गोतावळ्यापुढे तिनं ती गोष्ट अशी काही रंगवून सांगितली की लोक टेबलावर हात आपटून हसले. जनेलही हसली. मग रात्री उशी चावून रडली, आणि पुन्हा कधी त्या खोलीत गेली नाही. लिबीनंही पुन्हा बोलावलं नाही. ती गेल्या फेब्रुवारीत गेली, झोपेत, कुणाला काही करायची संधी न देता.

आठवडाभर जनेल रोज बरणी भरत होती. बुधवार काळी. गुरुवार काळी, जरा पातळ. शुक्रवारी कडेला हिरवट. खिडकीच्या फळीवर बरण्या ओळीनं मांडलेल्या. शनिवारी व्हर्जिल सेडलाक डुकराच्या चॉप घ्यायला आला आणि बरण्यांकडे बघत उभा राहिला.

"काय गं जनेल, लोणचं घातलंस का?"

"तुमच्याचसाठी. घेऊन जा एक बरणी."

"घेतलं असतं. पण डॉक्टरनं मीठ बंद केलंय माझं." मग तो जरा घुटमळला, टोपी मागे सारली. "मी तक्रार केली नव्हती बरं का. बायको म्हणाली कॉफी वेगळी लागते, म्हणून पाणी तपासलं. पुढचं त्यांचं त्यांनी केलं."

"माहीत आहे मला."

"एमिल बोलत नाही माझ्याशी."

"ते कुणाशीच बोलत नाहीत, व्हर्जिल. मनाला लावून घेऊ नका."

"आणि ते लिबीचं रक्ताचं सॉसेज? ते काय कायमचंच बंद?"

"करणारं कोण आहे?"

व्हर्जिल पुडा घेऊन गेला. जनेल तिथंच उभी राहिली, हातात कात्री. सॉसेज बंद आहे हे सगळ्यांना माहीत होतं. करणारी गेली, म्हणून बंद. पण सॉसेजला रक्त लागत नाही तर आता सगळंच रक्त पिंपात जायला हवं. पिंप पहिल्यापेक्षा लवकर भरायला हवं. आणि भुशाचा ढीग तर तिनं कालच पाहिला होता, मागं दोरीवर कपडे घालताना. वर गवत उगवलं होतं. कुणी फावडं लावून महिने झाले असावेत.

तिनं लॉरेनला काही सांगितलं नाही. आधी स्वतः बघावं, मग बोलावं, असा तिनं विचार केला. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती की आपलं चुकेल, आणि बरोबर निघेल ह्याची त्याहून जास्त भीती वाटत होती.

सोमवारी सकाळी आठ वाजता एमिलनं पहिलं डुक्कर घेतलं. जनेलला पुढच्या खोलीत साखळीचा खडखडाट ऐकू आला. ती मागच्या दारानं बाहेर पडली, मोरीच्या खड्ड्यावरचं लोखंडी झाकण पहारीनं उचललं आणि वाकून बघितलं.

पाणी लाल होतं. नुसतं लालसर म्हणावं असं नव्हे. घट्ट आणि लाल, आणि गार हवेत त्यातून वाफ निघत होती.

झाकण तसंच टाकून ती सरळ मागच्या खोलीत गेली.

एमिल पाठमोरा उभा होता. डुक्कर मागच्या पायानं टांगलेलं, गळा चिरलेला, आणि रक्त खालच्या सिमेंटच्या पाटात पडून भोकातून बिनबोभाट खाली जात होतं. त्या भोकाला एक लाकडी बूच होतं. सुरी लागायच्या आधी ते ठोकून बसवायचं, म्हणजे रक्त पाटात साठतं. बूच भिंतीवरच्या खिळ्याला सुतळीनं टांगलेलं होतं. कोरडं ठाक. शेजारी लिबीची परात, पालथी, आणि पाठीवर धुळीचा थर.

"पप्पा."

एमिल वळला नाही. सुरी पुसत राहिला.

"पप्पा, बूच का नाही लावलं?"

"कोण म्हणतं नाही लावलं?"

"मी खड्डा उघडून आले आत्ता."

एमिलनं सुरी म्यानात घातली. म्यान कमरेला, बापाच्या वेळचं. मग तो म्हणाला, "खाली वाकलो की उठता येत नाही मला. बूच ठोकायला गुडघे टेकावे लागतात."

"मग लॉरेनला सांगायचं. तो दहा पावलांवर तर आहे. मला सांगायचं."

"काय सांगायचं?"

"हेच. की ये म्हणून."

डुकराचं रक्त पडायचं कमी झालं, मग थेंबाथेंबानं पडू लागलं.

"सेहेचाळीस वर्षं," तो म्हणाला, "मी सुरी हातात घेतली की ती दारातून यायची. घरात असो, भट्टीशी असो, पोर अंगावर पीत असो. कसं कळायचं तिचं तिला ठाऊक. मी कधी हाक मारली नाही. एकदाही नाही." त्यानं नाक पुसलं. "आता ह्या वयात कुणाला काय म्हणून हाक मारू? फेब्रुवारीनंतरच्या पहिल्या सोमवारी सुरी घेतली आणि दाराकडे बघत उभा राहिलो. मूर्खासारखा. मग म्हटलं, जाऊ दे खाली."

"आणि तळं?"

"तळं नंतर आलं. लॉरेन त्या बाईला सांगत होता, रक्त धरतो आम्ही, असं छाती काढून. त्याच्यापुढे काय बोलू? पहिल्या दिवशी बोललो नाही, मग दुसऱ्या दिवशी जास्तच जड झालं."

जनेलला रागही आला आणि रडूही. पाच महिने ती पाण्याच्या बरण्या भरत होती, लॉरेन रात्ररात्र जागत होता, ती बिचारी बाई दोन-दोन तास गाडी चालवून येत होती, आणि हा माणूस भिंतीवरच्या बुचाकडे बघून गप्प बसला होता. तिला वाटलं, खडसवावं चांगलं. पण त्याचे हात तिला दिसले. जनावर मारताना कधी न हललेले ते हात आता म्यानाच्या पट्ट्याशी चाळा करत होते.

"किती राहिलीत?" तिनं विचारलं.

"सहा."

तिनं खिळ्यावरून बूच काढलं. परात उतरवून नळाखाली धुतली. गुडघे टेकून बूच भोकात घातलं आणि लाकडी हातोडीनं ठोकलं. ते तिरपं बसलं.

"तिरपं झालं," एमिल म्हणाला.

"दिसतंय मला."

"दोन बोटं डावीकडे. ओलं कर आधी. ओलं केलं की फुगतं."

तिनं ओलं केलं, पुन्हा ठोकलं. आता बसलं. एमिलनं पुढचं डुक्कर घेतलं. साखळी वर गेली, जनेलनं मान खाली घालून परात पुढे केली, आणि सुरी लागल्याचं तिला फक्त आवाजावरून कळलं. ऊन रक्ताचा झोत परातीत पडला. तिच्या हनुवटीवर उडाला, ओठावर उडाला. तिनं दात घट्ट मिटले आणि हात आत घातला.

"थांबवू नकोस. हात चालू ठेव. थांबलीस की गोठलं."

रक्तात दोऱ्यासारख्या गाठी व्हायला लागल्या आणि तिच्या बोटांभोवती गुंडाळल्या जाऊ लागल्या.

"त्या काढून टाक. लिबी मागे टाकायची, न बघता."

जनेलनं न बघता मागे टाकल्या. त्या एमिलच्या बुटावर पडल्या. त्यानं बूट जमिनीला घासला. तिसऱ्या डुकराला ती उठून मोरीत ओकली, तोंड धुतलं आणि परत येऊन बसली. चौथ्याच्या वेळी लॉरेन सोलायला आत आला आणि दारातल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पडद्यात तसाच उभा राहिला.

"हे काय चाललंय?"

"रक्त धरतोय आम्ही," जनेल म्हणाली. "तुझ्या आजीच्या काळापासून. बादली दे इकडे."

नंतर बापलेकाचं काय बोलणं झालं ते तिनं ऐकलं नाही. लॉरेनचा आवाज चढलेला ऐकू आला, मग उतरलेला, आणि मग बराच वेळ नुसता पाण्याच्या पायपाचा आवाज. जेवायला दोघं आले तेव्हा लॉरेनचे डोळे लाल होते. त्यानं बापाच्या ताटात बटाटा वाढला. एमिल आपला आपण वाढून घेणारा माणूस, पण त्यानं वाढू दिलं.

जनेलनं कॉरिनला फोन केला आणि म्हणाली, मे महिन्यात मी तक्त्यात खोटं लिहिलं. मला माहीत नव्हतं, पण खोटंच होतं ते. कॉरिन म्हणाली, उद्या ताजं शेवाळ घेऊन येते. तिनं खड्ड्यातलं जुनं पाणी टँकरनं उपसायला लावलं, निम्मं तळं रिकामं करून नवं हिरवं पाणी ओतलं. लॉरेननं तळ्यावर नळ्या वाकवून त्यावर प्लास्टिक ताणलं, गारठा लागू नये म्हणून. काठावरच्या उंच झाडांची पानं उडून प्लास्टिकवर साचायची आणि ऊन अडायचं. जनेल दिवसातून चार वेळा दंताळं फिरवायची. वीस तारखेच्या सोमवारी आठ डुकरं झाली. एकवीसची बरणी तिनं उजेडाला धरली. हिरवट होती. मळकी, पण हिरवट. सत्तावीसला पुन्हा आठ, आणि अठ्ठावीसची बरणी वाटाण्याच्या सूपासारखी. भुशाच्या ढिगातून वाफ निघू लागली. व्हर्जिल आपणहून ट्रॅक्टरनं चार खेपा भुसा टाकून गेला आणि एमिलनं कुंपणापाशी जाऊन त्याला काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते कुणाला कळलं नाही, पण व्हर्जिल हसला.

तीस तारखेला खात्याचा माणूस आला. हातमोजे घालून त्यानं दोन बाटल्या भरल्या, बर्फाच्या डब्यात ठेवल्या, सही घेतली. कॉफी घेणार का विचारलं तर नको म्हणाला. कॉरिननं आपल्या थेंबांनी अकरा काढले, पुन्हा काढले तर नऊ. ह्या थेंबांवर एवढा भरवसा नको, ती म्हणाली.

दहा नोव्हेंबर, सोमवार. आठवडाभरात हरणं सुरू होणार होती. पोस्टमन नेहमीच्या वेळेआधीच आला आणि जनेलनं फळीवर बरण्यांच्या शेजारी उभं राहून पाकीट फोडलं. पत्र दोन पानी, सगळं कलमाकलमांचं, आणि तिला आकडा सापडेना. लॉरेन हातातलं मांस तसंच ठेवून आला, तिच्या खांद्यावरून वाकला.

"कुठंय?"

"थांब ना जरा. हे तर पत्त्याचं..."

"खाली. खाली बघ."

आठ पूर्णांक सात. परवाना पुढे चालू, वसंतात पुन्हा तपासणी.

लॉरेननं कपाळ तिच्या डोक्यावर टेकवलं. त्याचे हात चरबीचे, म्हणून ते लांब धरलेले. दोघं तशीच उभी राहिली, आणि घड्याळाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. गेले तीन सोमवार आठच्या ठोक्याला ती आत जाऊन बूच ठोकत आली होती, कुणी बोलवायच्या आधी.

मागच्या खोलीत साखळी खडखडली आणि थांबली. मग कुणीतरी घसा खाकरला.

"जनेल."

लॉरेननं डोकं वर केलं. त्या खोलीतून हाक आलेली त्यानं जन्मात ऐकली नव्हती.

"जनेल," एमिल पुन्हा म्हणाला, ह्या वेळी जरा मोठ्यानं. आवाज नीट लागलेला नव्हता. "ये गं."

"आले, पप्पा," ती म्हणाली, आणि पत्र हातात होतं तसंच घेऊन आत गेली.